हळू बोलणाऱ्या वकीलबाई

माणसाला वकिलाची गरज आयुष्यात फार तर एकदोनदा पडते. पण वकील कसा असावा, हे मात्र त्याला जन्मभर पक्कं ठाऊक असतं. डॉक्टरच्या बाबतीत असं होत नाही. डॉक्टर बोलला नाही तरी आपण गोळ्या घेतो. प्लंबर तर जितका गप्प तितका बरा. वकिलाबद्दलचं ज्ञान मात्र आपल्याला रोज जेवताना टीव्हीसमोर मिळत असतं, आणि जेवताना मिळालेलं ज्ञान अंगी लागतं.

चिखलोली गावात हे ज्ञान 'निकाल आजच' या मालिकेतून येत असे. तिचे नायक अ‍ॅडव्होकेट शार्दूल निंबकर आजवर एकही खटला हरलेले नाहीत (एकदा हरले होते, पण ते स्वप्न निघालं). त्यांचा कोट पंखा नसतानाही फडफडतो. त्यांच्या हातात फाईल असते, पण ती उघडलेली कोणी पाहिलेली नाही. ते बोट रोखतात, समोरचा घाम पुसतो, दार उघडून एक साक्षीदार आत येतो आणि गुन्हेगार पिंजऱ्यात हुंदके देत सगळं कबूल करतो. यात पुरावा, तारीख आणि सरकारचा वेळ या तिन्हींची बचत होते. ही पद्धत देशभर लागू करायला माझ्या मते काहीच हरकत नाही. न्यायाधीशांना थोडं रिकामं बसावं लागेल, इतकंच.

मी गावाला लागून झालेल्या नव्या बिल्डिंगमध्ये राहतो. आमच्याकडे दूध रघुचं येतं. गावात त्याचा म्हशींचा गोठा आहे. त्याच्या घरात बायको अंजनी आणि आई सगुणाबाई. सगुणाबाई निंबकरांच्या निस्सीम भक्त. मालिका चालू असताना त्यांच्याकडे दूध मागायला जायचं नाही, हा आमच्या बिल्डिंगचा अलिखित नियम आहे.

रघुच्या घराला लागून भूपेशची जागा. भूपेश त्याच आळीतला, रघुचा लहानपणचा सवंगडी. त्यानं शेत विकलं आणि उरलेल्या जागेवर लग्नाचा लॉन काढला. हिरवं गवत घातलं, कारंजं बसवलं, दोन सिमेंटचे हत्ती उभे केले आणि मग एके दिवशी रघुच्या घराकडे जाणाऱ्या वाटेवर भिंत चढवली. त्या वाटेनं रघुचा आजा बैलगाडी नेत असे.

सगुणाबाई विचारायला गेल्या तेव्हा भूपेश अदबीनं म्हणाला, "काकी, लोक अक्षता घेऊन उभे, आनी मधून तुज्या म्हशी. कसा दिसल सांग."

"माज्या म्हशी तुज्या पावन्यांपेक्षा सरळ चालतात," सगुणाबाई म्हणाल्या.

हे खरं होतं, पण भिंत काही हलली नाही. रघुच्या घरच्यांना नाल्याच्या कडेनं वळसा घालून रस्त्यावर यावं लागू लागलं. पहिल्याच आठवड्यात तिथं सगुणाबाईंचा पाय घसरला आणि उजवा हात मोडला. रिक्षा घरापर्यंत येईना, म्हणून रघुनं आईला उचलून रस्त्यापर्यंत आणलं. तिचा हात प्लास्टरमध्ये गेला आणि रघु कोर्टात जायला निघाला. (आमच्याकडे दूधही उशिरा यायला लागलं होतं. तेव्हा आम्हीही त्याला न्यायासाठी भरीस घातलं.)

उल्हासनगरला कॅम्प दोन या भागात जीन्सच्या कारखान्यावर एका वकीलबाईंचं ऑफिस होतं. कुमुदिनीताई त्यांचं नाव. खाली दिवसभर शिलाईच्या मशिनी चालत, त्यामुळे त्या ऑफिसात साधं "पाणी घेणार का?" हेसुद्धा गर्जना केल्यासारखं विचारावं लागे. रघु तिथं अर्धा तास बसला. ताईंनी त्याला वहिवाट म्हणजे काय ते मशिनींच्या वरताण आवाजात समजावलं. रघु भारावून परत आला.

"बाई हाय, पन काय आवाज हाय!" तो गावभर सांगत सुटला. "निंबकर काय बोलल असा बोलते."

पहिल्या तारखेला आम्ही टेम्पो भरून गेलो. कोणतं कोर्ट ते सांगत नाही, उगाच अवमान नको. सगुणाबाई ठेवणीतलं लुगडं नेसल्या होत्या. आम्ही मागच्या बाकांवर जागा करत होतो, तेवढ्यात नाव पुकारलं गेलं. कुमुदिनीताई उठल्या. कोर्टात मशिनी नसल्यामुळे त्या आपल्या मूळ आवाजात बोलल्या. तो पहिल्या बाकापर्यंतही पोचत नव्हता. त्यांनी कागद पुढे केले, न्यायाधीशांनी वाचले, काहीतरी विचारलं, ताईंनी काहीतरी सांगितलं. न्यायाधीशांनी लिहून घेतलं आणि दुसरंच नाव पुकारलं गेलं.

बाहेर येऊन रघुनं विचारलं, "ताई, आपली केस कधी सुरू होनार?"

"झाली," ताई म्हणाल्या. "भिंत पुढे वाढवायची नाही असा हुकूम मिळालाय. कोर्टाचा माणूस येऊन जागा बघून जाईल. चांगलं झालं."

"झाली?" सगुणाबाई म्हणाल्या. "मंग मी लुगडा कशाला बदलला?"

परतीच्या टेम्पोत आपण केस जिंकत आहोत हे सर्वांना कळत होतं, पण फसवणूक झाल्यासारखं वाटत होतं. लग्नाला जाऊन न जेवता यावं, तसं.

पुढच्या तारखाही अशाच गेल्या. कोर्टाचा माणूस येऊन वाट बघून गेला, म्हाताऱ्यांना विचारून गेला, अहवाल रघुच्या बाजूनं आला. गावात मात्र रघुला तोंड दाखवणं कठीण झालं. नाक्यावर त्याला विचारायचे, "तुजी वकील मुकी हाय काय रं?" शेवटी रघु कॅम्प दोनला गेला.

"ताई, एकदा तरी ओरडा," तो म्हणाला.

"कोणावर?"

"कोनावर पन."

कुमुदिनीताईंनी चष्मा काढला. "रघुभाऊ, मला ह्या भूपेशशी बोलायचंय," त्या मशिनींच्या वर आवाज चढवून म्हणाल्या. "तुम्ही शेजारी आहात, जन्मभर राहणार. मी त्याच्यावर कोर्टात ओरडले तर तो उद्या माझ्याशी बोलेल का?"

रघुनं मान डोलावली. घरी येऊन त्यानं वकील बदलला.

अंजनी तेवढी म्हणाली, "त्या बाईनं भिंत थांबवली ना?"

"थांबवली. पन तोंड कुठं उघडला?" रघु म्हणाला. तेही खरंच होतं.

नवे वकील बदलापूरचे विनीत साहेब. त्यांच्याविषयी मी आदरानंच लिहीन. 'निकाल आजच'चे सगळे भाग त्यांनी अभ्यासले होते. केसांची ठेवण निंबकरांची, कोट अंमळ मोठ्या घेराचा, वळलं की फडफडावा म्हणून. अर्ज, यादी, कागद आधी दाखल करायला ते नाखूष असत. "त्यानं समोरचा सावध होतो," असं ते म्हणत. त्यांच्या रील्स गावात सर्वांनी पाहिल्या होत्या. एकीत ते नुसतेच वळून बघतात.

पहिल्या दिवशी ते "मिलॉर्ड" म्हणून उठले आणि इतके सुंदर बोलले की शेजारच्या खोलीतले पक्षकार दारात येऊन उभे राहिले. सगुणाबाईंच्या मोडक्या हातापासून सुरुवात करून ते भारतमातेपर्यंत गेले. बोलणं संपल्यावर न्यायाधीशांनी विचारलं, "आज आपला अर्ज कशासाठी आहे?" अर्ज नव्हता. पुढची तारीख मिळाली. गाव खूश होऊन परतलं. या वेळी टेम्पोत भजी वाटली गेली.

मग रघुच्या साक्षीचा दिवस आला. भूपेशच्या वकिलांनी दोनचार प्रश्न विचारले आणि ते बसले. रघु पिंजऱ्यातून उतरणार, तेवढ्यात विनीत साहेब उठले. आपल्याच अशिलाला थोडंफार विचारायची मुभा कायद्यात असते. मात्र कसं विचारायचं ते त्यांनी कायद्यातून घेतलं नव्हतं. ते खिडकीपर्यंत चालत गेले. थांबले. बाहेर बघितलं. आणि एकदम वळून त्यांनी रघुवर बोट रोखलं.

"माझ्या डोळ्यांत बघून सांगा, रघुनाथ! त्या मातीला स्मरून सांगा! तिथं अतिक्रमण कोणी केलंय?"

त्यांना 'भूपेशनं' एवढंच उत्तर हवं होतं. पण रघु पिंजऱ्यात उभा होता. समोर त्याची आई बसली होती, सगळं गाव बसलं होतं आणि ते बोट त्याच्या छातीकडे होतं. अशा वेळी पिंजऱ्यातल्या माणसानं काय करायचं असतं, हे त्यानं रोज जेवताना पाहिलेलं होतं. 

"आमी," रघु म्हणाला.

विनीत साहेबांचं बोट तसंच राहिलं.

"गोठ्याची मागली भिंत भूपेशच्या जागेत हाय. बापानं बांधली तवाच आत सरकवलेली. वीतभर नाय साहेब, चांगली हातभर. भूपेशच्या बापाला म्हाईत होता, पन तो कवा बोलला नाय." आणि रघु हुंदके देऊन रडायला लागला.

भूपेशचे वकील मोबाईलवर जेवण मागवत होते. त्यांनी मोबाईल हळूच खाली ठेवला. न्यायाधीशांनी सगळं लिहून घेतलं. विनीत साहेबांना आपण जिंकलो की हरलो ते क्षणभर उमगेना. पण सराव कामी आला. "दॅट्स ऑल, मिलॉर्ड," म्हणून ते झोकात वळले. कोट फडफडला. मागच्या बाकांवर टाळ्या पडल्या आणि शिपायानं आम्हाला बाहेर काढलं.

सगुणाबाई पदरानं डोळे पुसत होत्या. "वकील असा पायजे," त्या म्हणाल्या.

आपला गोठा आता पडणार, हे घरात सगळ्यात आधी अंजनीच्या ध्यानात आलं. भूपेशच्या वकिलांनी गोठ्याची भिंत पाडून मागणारा अर्ज लगेच लावला. ती पाडली तर छप्परही खाली येणार होतं, आणि म्हशी बांधायला दुसरी जागा नव्हती. विनीत साहेबांनी धीर दिला, की ते आता वरच्या कोर्टात आणखी मोठ्यानं बोलतील. रघुनं जेवण टाकलं. सकाळी दूध काढून झालं की तो तिथंच बादलीशेजारी बसून राही आणि बापानं बांधलेल्या भिंतीकडे बघत राही. आमच्या जिन्यात दूध ठेवायला आला तरी मान वर करत नसे. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाला, "बापाला चोर ठरवला मी. चार लोकांत." मी पातेलं घेऊन आत आलो.

अंजनी सासूला घेऊन कॅम्प दोनला गेली.

"या, बसा!" कुमुदिनीताई मशिनींच्या वर ओरडल्या.

"हिला येतो की बोलायला," सगुणाबाई सुनेच्या कानात म्हणाल्या.

ताईंनी झालेला प्रकार ऐकून घेतला. मला सोडून गेलात, असं एका शब्दानंही म्हणाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी भूपेशच्या वकिलांना फोन केला आणि भूपेशला भेटायला बोलावलं. भूपेश मिटवायच्या तयारीतच आला असावा. बसल्या बसल्या म्हणाला, "मॅडम, रघु रडला ना, मना पन कसातरीच झाला. त्या गोठ्यात आमी दोघा लपाछपी खेळायचो. माजा बाप बोलला नाय, मंग मी कशाला बोलू?"

त्यानंतर कुमुदिनीताईंनी दोन महिने खटपट करून दोघांच्या जागांची अदलाबदल केली आणि तडजोड कोर्टात नोंदवून घेतली.

वाट मोकळी झाली. गोठा राहिला. तडजोडीत एक कलम आहे, ते मी मुद्दाम वाचलं: "लॉनमध्ये विवाहविधी चालू असताना अक्षता पडेपर्यंत वादी यांनी सदर वाटेने म्हशी आणू नयेत; आणल्यास त्यांच्या गळ्यातील घंटा काढून आणाव्यात." भिंत पाडली त्या दिवशी सगुणाबाई त्या वाटेनं रस्त्यापर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या. मग काही काम नसताना पुन्हा एकदा गेल्या.

गावानं सत्कार ठेवला, भूपेशच्याच लॉनवर. शाल आणि नारळ अर्थात विनीत साहेबांना. कबुलीच नसती तर तडजोड कशावर झाली असती, असा युक्तिवाद सरपंचांनी मांडला आणि तो खोडून काढणं मला जमलेलं नाही. विनीत साहेब चांगले तासभर बोलले. कुमुदिनीताईही आल्या होत्या. निवेदकानं त्यांचा उल्लेख "कुमुद मॅडम, ज्यांनी कागदपत्रांना मदत केली" असा केला. माईक दिला तेव्हा त्या काहीतरी बोलल्या. ते बहुधा 'आभारी आहे' असावं. रघु मागून त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेला.

"ताई, गोठा तुमीच वाचवलात," तो म्हणाला.

"गोठ्याचं मला आधी सांगितलं असतंत, तर रडावं लागलं नसतं," त्या म्हणाल्या आणि रिक्षात बसल्या.

सगुणाबाईंचं मत अजून तेच आहे. बाई गुणाची, पण वकील नव्हे.

त्यांना मी हसत नाही, आणि तुम्हीही हसू नका. विनीत साहेबांचं ते बोट मी तुम्हाला खिडकीपासून वळण घेऊन, अगदी सावकाश दाखवलं. कुमुदिनीताईंचे दोन महिने मात्र एका वाक्यात उरकले. त्या कुठं कुठं गेल्या, कोणाला काय पटवलं, हे सगळं मला माहीत होतं. तुम्ही त्या वाक्यावर थांबून 'खटपट म्हणजे नेमकं काय केलं?' असं विचारलं असतं, तर मी सांगणारही होतो. कोणीच थांबलं नाही. असो. उद्या तुम्हाला वकील लागला तर कळवा. विनीत साहेबांचा नंबर माझ्याकडे आहे. कुमुदिनीताईंचा घ्यायचा राहून गेला, आणि तो तुम्ही मागाल असंही काही दिसत नाही.