हरणीस दुसरे यंत्र बसविले त्याची हकीकत

॥ श्री ॥ चाकास नमन, वाटेस नमन, घाटमाथ्यावरच्या देवीस साष्टांग नमन. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी, श्रावणमासी हौसाबाईसाहेबांच्या राज्यावर जो प्रसंग गुदरला, आणि त्यातून राज्य कैसे तगले, ते ऐकावे. ऐकणाऱ्याने मध्ये तोंड घालू नये.

राज्य म्हणजे हरणी. हरणी ही जुनी व्हॅन, परंतु तीस नुसती व्हॅन म्हणणारा करंटा. आत चूल, आत पाण्याची टाकी, निजावयास दोन फळ्या, खिडक्यांस पडदे, आणि मागले दार उघडले की तीच खानावळ. बाईसाहेबांचे यजमान ऐन उमेदीत तापाने निवर्तले आणि सासरच्यांनी "पांढऱ्या पायाची आली, घर खाल्ले" म्हणोन दार दाखविले, तेव्हा बाईसाहेबांनी पाटल्या मोडून ही गाडी केली, चिरंजीव रंगनाथरावांस कडेवर घेतले, आणि मग या जत्रेतून त्या जत्रेत पिठले-भाकरीच्या जोरावर मुलूख मारीत चालल्या. शाळेच्या पायऱ्या चढल्या तितक्याच उतरल्या, परंतु झारा आणि जीभ ही दोन शस्त्रे ऐसी चालविली की जत्रेतले गुंडही पंगतीस बसताना चपला ओळीने काढीत. दर दसऱ्यास हरणी घाट चढून देवीस जात असे आणि वर्षाची मुलूखगिरी तेथून सुरू होत असे.

ऐशी ती हरणी श्रावणात घाटाच्या पायथ्याशी खोकली, धूर ओकली आणि बसली. मिस्त्रीने यंत्र उघडून पाहिले आणि मान हलविली, की ब्लॉकास चीर गेली, यात आता जीव नाही. तेसमयी रंगनाथराव, ज्यांचे आता गावात पक्के हॉटेल जाहले आहे आणि पोटही तैसेच पक्के जाहले आहे, ते बोलिले, "आई, झाले तेवढे पुष्कळ झाले. दसऱ्यापर्यंत उभी ठेवू, मग भंगारात देऊ. तुला देवीला जायचे तर माझी गाडी आहे की." बाईसाहेब म्हणाल्या, "तुझ्या गाडीत मी पाव्हणी म्हणून बसू? ज्या गाडीत तुझे दात आले ती भंगारात घालतोस, तर मलाही वजनकाट्यावर बसव. दसऱ्याला हरणी घाट चढेल. नाही चढली तर तू म्हणशील तसे." शब्द गेला तो गेला, आणि राज्य पणास लागले.

मग मसलत बसली. रंगनाथराव म्हणाले की घ्यायचेच तर नव्या ट्रकाचे दांडगे यंत्र घेऊ. मिस्त्रीने माप घेतले आणि अर्ज केला की ते मावावयाचे तर आतली चूल काढावी लागेल, गिअरपेटीही जुळावयाची नाही. बाईसाहेब कडाडल्या, "घोड्यासाठी घर पाडता होय रे? जात तीच पाहिजे, जुन्या घडणीचीच." परंतु ती घडण कारखान्याने केव्हाच बंद केली होती. तेव्हा जिथे मेलेल्या गाड्या सोलतात त्या भंगारपेठेवर स्वारी करावी ऐसे ठरले, आणि भाद्रपदात बाईसाहेब, चिरंजीव, मिस्त्री आणि सूनबाई मंजुळा ऐसे सारे कूच करते जाहले.

पेठेत कासमशेट भंगारवाले यांनी खुर्ची दिली, चहा दिला, आणि एका शाळेच्या गाडीचे यंत्र दाखविले. कळ दाबताच यंत्र गुणगुणू लागले. "ऐका मावशी, लोणी आहे लोणी," शेट म्हणाले. रंगनाथराव लागलीच खिशात हात घालते जाहले. बाईसाहेबांनी यंत्र बंद करविले, त्यावर तळवा ठेविला आणि चटका बसताच हसल्या. "शेट, आम्ही यायच्या आधीच हिला तापवून ठेवलीत. पावडर लावून बसवलेली पोरगी सगळ्यांनाच गोरी दिसते. उद्या सकाळी येते, गारठलेली असताना दाखवा." दुसरे दिवशी तेच यंत्र कळ दाबून दाबून शेटास घाम फुटला तरी उठेना, आणि उठले तेव्हा पेठ धुराने भरली. शेटाने कान पकडिले.

मग शेट जरा घुटमळून म्हणाले की अजून एक आहे. कोपऱ्यात गोणपाटात गुंडाळून, आत तेल घालून ठेविलेले यंत्र, त्याच घडणीचे, शेवटल्या खेपेतले, पुरते वर्षही न पळालेले. मिस्त्रीचे डोळे लकाकले. बाईसाहेबांनी विचारिले, "एवढे गुणाचे, तर पडून का?" शेटाने खरे सांगितले, की गाडीस मागून ट्रकाची धडक बसली, मागला भाग चिपाड जाहला आणि धनी जागीच गेला, तेव्हापासून गिऱ्हाईक येते, पाहाते, हकीकत ऐकते आणि पाय लावून पळते.

हे ऐकताच बाईसाहेबांनी पदर सावरला आणि उठल्या. "धनी खाल्लेले यंत्र माझ्या दारात नको. अवलक्षणी आहे. चला."

सारे निघाले, परंतु मंजुळाबाई जागची हलेना. ही सून घरात वाऱ्यासही ऐकू न जाईल ऐसे बोलणारी. ती म्हणाली, "आत्याबाई, एक बोलू का?"

"बोल की. तोंड भाड्याने दिलेय का?"

"धडक मागून बसली. यंत्र पुढे होते. ते आपले काम करत होते. धनी गेला, यात त्याचा काय दोष? लोक त्याला पांढऱ्या पायाचे म्हणतात. लोकांचे काय, लोक तर..." आणि मान खाली घालती जाहली.

रंगनाथराव बायकोकडे ऐसे पाहू लागले की आता हिचे कपाळ फुटते. बाईसाहेब माघारी फिरल्या, गोणपाट आपल्या हाताने सोडिले, यंत्रावरची धूळ पदराने पुसली, आणि चिरंजीवांवर गरजल्या, "बघत काय उभा राहिलास? उचला. मी तर मघापासून हेच म्हणतेय." खरे ते सर्वांस ठाऊक होते, आणि बाईसाहेबांसही ठाऊक होते, परंतु राज्यकर्त्यांचे मागचे बोलणे राज्यकर्तेच ठरवितात. परतीच्या वाटेवर मात्र त्यांनी खिडकीपाशी मंजुळाबाईस बसविले, हे दफ्तरी नमूद आहे.

मिस्त्रीने वाळली रबरे टाकून नवी घातली, तेल बदलिले, यंत्र हरणीच्या पोटात बसविले, आणि घटस्थापना उलटून खंडेनवमी आली. अंगणात गाडी धुवून उभी, झेंडूचे तोरण, नारळ, भटजी हजर. भटजी म्हणाले, "यंत्रास हळदकुंकू सवाष्णीने लावावे," आणि ताम्हन मंजुळाबाईपुढे केले. मंजुळाबाईने ताम्हन घेतले आणि सासूपुढे धरिले. भटजी म्हणाले, "अहो, तसे नसते." बाईसाहेब म्हणाल्या, "गुरुजी, याचाही धनी गेलाय आणि माझाही. आमचे आम्ही बघून घेतो. तुम्ही मंत्र म्हणा, चुकाल तर मला कळेल." आणि तीस वर्षांत ज्या बोटांनी कुंकवाच्या करंड्यास स्पर्श केला नव्हता, त्या बोटांनी यंत्रास आधी हळद लाविली, मग कुंकू, चांगले ठसठशीत. भटजींचा मंत्र एकदाही चुकला नाही. मग कळ दाबिली. गारठलेले यंत्र एकदा खाकरले आणि उठले.

दसऱ्यास हरणी घाट चढली, वाटेत रंगनाथरावांची पक्की गाडी तापून कडेस उभी होती तीस दोराने बांधून चढली, आणि देवीपुढे दोन्ही उभ्या राहिल्या.

तात्पर्य इतुकेच. यंत्र घ्यावे तर गार असता पाहून घ्यावे, आणि ज्याचा धनी गेला त्यास दोष लावू नये. या उपर बोटावर कुंकवाचा रंग होता तो बाईसाहेबांनी चार दिवस धुतला नाही. विचारण्याची प्राज्ञा कोणाची?