दिवा लावायच्या आधी

आमच्या शेजारचे भोयर सर पाहुण्याचा चेहरा सगळ्यात शेवटी बघतात. आधी त्याच्या चपला बघतात. तळाला लागलेली माती नखाने खरवडतात, नाकाशी नेतात, डोळे मिटतात आणि थोडा वेळ आपल्यातून निघूनच जातात. परत आले की म्हणतात, "कपाशीचं वावर. नाल्याजवळचं." बहुतेक वेळा ते बरोबर निघतं.

सर विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतात आणि मी त्यांच्याच हाताखाली एम.एस्सी. करते. कपाशीवर फवारलेलं औषध मातीत उरतं. ते खाऊन संपवणारे जिवाणू सर शोधत असतात. जिवाणू हा शब्द मात्र फक्त वर्गात, एरवी 'मंडळी'. प्रयोगशाळेचं दार कुणी आपटलं तर हळूच म्हणतात, "मंडळी जेवून राह्यली. दार हळू लावजो." मला कमी बोलायला आवडतं, त्यामुळे तिथे माझं बरं जमतं. काचेच्या बशीत आदल्या दिवशी काहीच नसतं, सकाळी पांढरे ठिपके उगवलेले असतात, आभाळात चांदण्या याव्यात तसे. आम्ही दोघं न बोलता ते बघत बसतो.

मागच्या वर्षी सिंदीहून मला बघायला पाहुणे आले होते. पोहे होईपर्यंत सर आमच्या ओसरीत त्यांच्या बुटांपाशी उकिडवे बसलेले. मुलाच्या वडिलांना म्हणाले, "फवारणी लय करता तुम्ही. यातली मंडळी उपाशी नाई, अजीर्णानं मेली." पुढे सिंदीहून निरोप आलाच नाही. आईने सरांशी आठवडाभर अबोला धरला. मी मनातल्या मनात त्यांचे आभार मानले.

काकू वारल्यापासून सर एकटेच राहतात. स्वयंपाक जेमतेम, पण दही रोज स्वतः लावतात. दूध कोमट झालं का ते बोट बुडवून बघतात. थर्मामीटर का नाही, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "तुयी काकू बोटच बुडवत होती."

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी ते आमच्या दारात येऊन उभे राहिले. हातात रिकामी वाटी. आई देवापाशी दिवा लावायला काडी ओढणारच होती.

सकाळी कसल्याशा विचारात सरांनी उकळतं दूध विरजणावर ओतलं होतं. आयुष्यभर जिवाणू जगवणाऱ्या माणसाने. एक चमचाही बाजूला काढून ठेवला नव्हता.

"वहिनी," ते म्हणाले, "तुम्ही इथं राह्याले आल्या तवा तिच्याकडून विरजण नेलतं. ते अजून चालू आहे?"

"चालू आहे ना, भाऊजी. मोडू नाई दिलं कधी."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "इतक्या वर्षांत त्यातली मंडळी बदलली असन. मले माहीत आहे. तू नको सांगू."

मी सांगणार नव्हतेच.

दिवा लागल्यावर आमच्या घरातून दही बाहेर जात नाही. या बाबतीत आई कुणाचं ऐकत नाही. तिने काडी पेटीत परत ठेवली आणि वाटी काठोकाठ भरली. सर ती दोन्ही हातांत धरून, सांडू नये म्हणून पाय जपून टाकत, अंगण ओलांडू लागले. घरात चांगलंच अंधारून आलं होतं. मी बटणाकडे हात नेला, तर आईने मानेनेच नको म्हटलं.

पलीकडे सरांचं दार लागलं, हळू. मग तिने काडी ओढली.