अर्ध्या तोंडाची सभा

देवटोल्याच्या तलावातलं पाणी किती सोडायचं हे ठरवणारी सभा दुपारी होती, आणि कुंताबाईंची खालची डावी दाढ नेमकी त्याच पहाटे ठणकायला लागली. कुंताबाई गावातल्या मच्छीमार संस्थेच्या अध्यक्ष. तलावात नुकतीच माशांची बोटाएवढी पिल्लं सोडली होती. इकडे धान निसवत होता, लोंब्या बाहेर पडत होत्या आणि शेतकऱ्यांना शेवटचं पाणी हवं होतं. पाणी फार उतरलं तर ढिवरांची, म्हणजे मासेमारांची, वर्षभराची मासोळी जाणार, सोडलं नाही तर धान पोचट राहणार. शेतकऱ्यांच्या बाजूनं बोलायला मुखरूभाऊ होते, ढिवरांच्या बाजूनं कुंताबाई.

बोलण्यात कुंताबाई कमी पडत नव्हत्या. उलट अडचण तीच होती. मुद्दा सांगून झाला की त्या उदाहरण देत, उदाहरणात कुणाच्या तरी सासूचं नाव निघे, त्यावरून भांडण पेटे आणि मूळ पाणी बाजूलाच राही. गेल्या वर्षी सभा उठली तेव्हा अर्धा तलाव रिकामा करायचं ठरून गेलं होतं आणि कुंताबाई अजून बोलतच होत्या.

गाल धरून बसलेल्या बायकोला सुरेंद्रनं सुचवलं, की आजची सभा दुसऱ्या कुणावर सोपवावी. कुंताबाईंनी गालावरचा हात काढला.

"दाढ सोडतो, सभा नाई सोडत," त्या म्हणाल्या.

मग सुरेंद्रनं त्यांना मोटरसायकलवर बसवून जवळच्या मूल शहरात दातांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, दाढ उपटली, टाका घातला आणि कापूस दाबून धरायला सांगितला. दोन-तीन तास अर्धा जबडा बधिर राहील, तोवर गरम काही पिऊ नका, ओठ चावला जाणार नाही इकडे लक्ष ठेवा, असंही बजावलं. कुंताबाईंनी यातलं काही ऐकलं नाही. त्या तोंडात कापूस असतानाच डॉक्टरांना तलावाचं समजावून सांगत होत्या.

परत येताना त्यांनी ओठाला हात लावून पाहिला. बोटाला ओठ लागत होता, पण ओठाला बोट लागत नव्हतं. दुसऱ्या कुणाचा ओठ आपल्या तोंडावर आणून बसवल्यासारखं वाटलं. गावाच्या वेशीवर त्यांनी "मुखरूभाऊ" म्हणून पाहिलं, तर तोंडातून "उखलूहाऊ" असं काहीतरी बाहेर पडलं. सुरेंद्र हसला. तेवढ्यात त्याला आठवलं, की दुखणं थांबवायच्या गोळ्यांची पिशवी दवाखान्याच्या बाकावरच राहिली. बायकोला पंचायतीच्या दारात उतरवून तो आल्या पावली मूलला परतला. दाढेची गोष्ट माहीत असलेला गावातला एकटा माणूस असा निघून गेला.

कुंताबाईंना त्याची फिकीर नव्हती. त्यांनी कापूस थुंकला, पदर नीट केला आणि ठरवलं, की आज बोलायचं नाही. नीट पाहायचं, आणि पाणी खुंट्याच्या खाली जाणार असेल तर नकाराची मान हलवायची. खुंटा म्हणजे तलावातला दगडी खांब. तो बुडालेला असेपर्यंत पिल्लांना धोका नव्हता.

मुखरूभाऊ उभे राहिले आणि त्यांनी पूर्ण गेट उघडण्याची मागणी केली. मागणी करून ते थांबले, कारण एवढ्यात कुंताबाई मध्ये बोलायला हव्या होत्या. कुंताबाई बोलल्या नाहीत. फक्त मान हलवली. मुखरूभाऊंनी भाषणाचा पुढचा भाग म्हटला, पण तो भांडणासाठी तयार केलेला होता. समोरून भांडण येत नसल्यामुळे तो हवेतच लोंबकळला.

तेवढ्यात चहा आला. किटलीतून थेट कपात, नुसता वाफाळता. सगळे फुंकर घालत बसले. मुखरूभाऊंनी घाईत घोट घेतला आणि जीभ भाजून घेतली. कुंताबाईंनी कप डाव्या बाजूनं तोंडाला लावला आणि मोठा घोट गिळला. बधिर भागाला चहा ना गरम लागला, ना गार. सभेतले लोक फुंकायचे थांबून त्यांच्याकडे पाहायला लागले. उरलेला चहा ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून हनुवटीवर आणि तिथून पदरावर उतरत होता, पण ते कुंताबाईंना कळायचं कारण नव्हतं. लोक पाहताहेत म्हणून त्या हसल्या. हसू उजव्या बाजूनं आलं आणि नाकाखाली थांबलं. दात कधी ओठात रुतला तेही कळलं नाही. हनुवटीवर रक्ताचा बारीक ओघळ आला आणि कुंताबाई शांतपणे मुखरूभाऊंकडे पाहत राहिल्या.

मुखरूभाऊंचा आवाज उतरला. ते म्हणाले, पूर्ण नाही तर अर्धं गेट उघडू. कुंताबाईंनी मान हलवली. मग ते म्हणाले, अर्धंही नको, थोडंसंच. कुंताबाईंनी पुन्हा मान हलवली.

"जाऊ द्या ना बाई," मुखरूभाऊ अगदी मऊ आवाजात म्हणाले. "खुंट्याच्या खाली पाणी नाई जाऊ देत. झालं? तुमी जिवाले त्रास नका करून घेऊ."

शेतकरी एकमेकांकडे पाहत राहिले, पण आपल्याच पुढाऱ्याचा शब्द मोडणार कसा? ठराव झाला. कुंताबाईंना वाटलं, आजवर इतकी वर्षं आपण उगाच बोललो. गप्प बसण्यात एवढी ताकद आहे हे कुणी आधी सांगितलं असतं तर गेल्या वर्षीचं पाणीही वाचलं असतं.

मुखरूभाऊ बाहेर जाऊन फोनवर बोलून आले आणि शेजारी येऊन बसले. "बाई, दोनी हात वर करा," ते म्हणाले. ठरावाला मत द्यायचं असेल म्हणून कुंताबाईंनी दोन्ही हात वर केले. "आता हसून दाखवा." आज भाऊ फारच गोडीत आहेत असं वाटून त्या हसल्या. ते अर्धं हसू पाहून मुखरूभाऊंचा चेहरा पांढरा पडला.

अँब्युलन्स पंचायतीसमोर येऊन उभी राहिली तेव्हा कुठे कुंताबाईंना कळलं, की आपल्याला लकवा झालाय. निदान गावाच्या मते तरी झाला होता. त्यांनी जिवाच्या आकांतानं सांगितलं, दाढ उपटली, दाढ. बाहेर पडलं, "आड, आड." कुणीतरी म्हणालं, बाईला आड आठवून राह्यला, पाणी पाहिजे वाटते. पाणी दिलं. तेही डाव्या बाजूनं सांडलं, आणि ज्यांना थोडीफार शंका होती तीही मिटली. मुखरूभाऊ स्वतः सोबत अँब्युलन्समध्ये चढले.

आत नीलिमा नावाच्या तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी कुंताबाईंना डोळे मिटायला लावले आणि पायाचा अंगठा धरून विचारलं, वर आहे की खाली. कुंताबाईंनी हातानं दाखवलं, वर. बरोबर. मग खाली. तेही बरोबर. तळव्यावर कापूस फिरवला, दंडावर गार चमचा टेकवला, बोटाला टाचणी लावली. सगळं अचूक. कुंताबाईंना आता मजा यायला लागली होती. शाळेतसुद्धा त्यांची इतकी उत्तरं कधी बरोबर आली नव्हती. कपाळावर टाचणी कळली, भुवई उचलली गेली, उजवी हनुवटी चोख. डाव्या हनुवटीवर मात्र कापूस, चमचा, टाचणी, सगळं सारखंच, म्हणजे काहीच नाही.

नीलिमा डॉक्टरांनी तोंड उघडायला लावलं, आत उजेड पाडला आणि विचारलं, "आजच दाढ काढली का?"

कुंताबाईंनी इतक्या जोरात होकाराची मान हलवली की स्ट्रेचर हललं.

डॉक्टरांनी मुखरूभाऊंना समजावून सांगितलं. चामडीत बारीक बारीक खबरे बसलेले असतात. कुणी स्पर्शाची खबर देतो, कुणी गरम-गाराची, कुणी दुखण्याची. सांध्यांत आणि स्नायूंत बसलेले सांगतात, की अवयव कुठे आहे, वाकला की सरळ. सगळ्यांची खबर नसांवाटे मेंदूकडे जाते. दाढेच्या इंजेक्शननं त्यातली एक वाट थोडा वेळ बंद केली, एवढंच. म्हणून चहा भाजला नाही, ओठ चावला तो दुखला नाही आणि तोंड कुठे आहे तेही समजलं नाही. तरी फोन केला ते योग्यच केलं, असंही त्या म्हणाल्या. खरोखरचा लकवा असता तर एक क्षणही दवडून चाललं नसतं.

"म्हणजे लकवा नाई," मुखरूभाऊ म्हणाले. त्यांना हायसं वाटलं की वाईट वाटलं हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांचे वडील बांधावरच्या भांडणात तोंड वाकडं होऊन खाली बसले होते ते पुन्हा उठलेच नाहीत. कुंताबाईंचं तोंड पाहून त्यांना तेच दिसलं, आणि या बाईशी आता भांडायचं नाही, असं ते मनाशी म्हणाले होते.

अँब्युलन्स वाटेतूनच परत फिरली आणि तिनं त्यांना गावाबाहेर उतरवलं. तोवर कुंताबाईंच्या ओठात मुंग्या यायला लागल्या होत्या. मग ओठ आला, मग जीभ आली, आणि शेवटी दुखणं असं आलं की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. पण शब्द सरळ निघायला लागले होते.

मुखरूभाऊ रस्त्यातच थांबले. ठराव फिरवायला हवा, असं ते म्हणाले, आणि मग स्वतःच विचारात पडले.

"पण लोकायले काय सांगू? एका दाढेले भेऊन तलाव देऊन टाकला?" त्यांनी हात जोडले. "बाई, गावात लकवाच राहू द्या."

कुंताबाईंनी दुखऱ्या गालाला पदर लावला. धान करपावा असं त्यांना कधीच वाटत नव्हतं. "तुमच्या धानाच्या शेवटच्या बांध्यायले पाणी नाई पोचलं त मले सांगा," त्या म्हणाल्या. "पिल्लं खोल बाजूले नेऊ आमी, आनखी थोडं सोडू. पन ते मी सांगीन तवा. आनं खोटं मी बोलत नाई भाऊ. चूप राहता येते, हे मात्र आज समजलं."

संध्याकाळी आजारी बाईला पाहायला लोक आले. गोळ्या घेऊन परतलेल्या सुरेंद्रलाही दाढेचं नाव काढू नको म्हणून बजावलेलं होतं. मुखरूभाऊ आपल्या बायकोला, बुधरीला, घेऊन आले. तिनं पेज आणली होती. दारात पावलं वाजली तशी कुंताबाईंनी घाईघाईनं तोंड वाकडं केलं आणि अर्धं हसू तोंडावर आणून बसल्या.

बुधरीनं जवळ येऊन निरखून पाहिलं. "सभेत त डावीकडून हसू येत नव्हतं म्हणतेत," ती म्हणाली. "आता उजवीकडून काऊन नाई येऊन राह्यलं?"

कुंताबाईंनी मुखरूभाऊंकडे पाहिलं. मुखरूभाऊंनी घसा साफ केला.

"सरकते थे लकवा," ते म्हणाले. "बाई बरोबर आहे."

कुंताबाई बरोबर आहेत, असं मुखरूभाऊ चारचौघांत म्हणाल्याची देवटोल्यातली ती पहिलीच वेळ होती. आणि त्यावर कुंताबाईंना काहीही बोलता आलं नाही.