बापूकाकांचा पहिला क्लेम

आमच्या तळेगावच्या सोसायटीत कुणी नवीन राहायला आलं, की लोक नाव-गाव विचारतात. बापूकाका विचारतात, "विमा कोणता काढलाय?" उत्तर काहीही द्या, ते हळहळणारच. "अरेरे! बारीक अक्षरातलं वाचलं नाहीत ना?"

निवृत्त झाल्यावर काकांनी कॅम्पर घेतली. म्हणजे चाकांवरचं घरच. आत पलंग, शेगडी, बेसिन. आम्ही पेढे मागितले. काकांनी पार्किंगमध्ये उभं करून पॉलिसी समजावली. "पलंग, शेगडी कंपनीला कळवून, जादा हप्ता भरून विम्यात घातलीय. पण शेगडीवरचा कुकर? तो सामान! त्याला कव्हर नाही." तेव्हापासून काकू कुकर मांडीवर घेऊन प्रवास करतात.

कुणी गाडी भाड्यानं मागितली, की काका दचकतात. पॉलिसी खासगी वापराची. भाडं घेतलं की क्लेम बुडाला. लोणावळ्यात माकडानं वायपर उपटला, तेव्हा माकडाला हुसकायचं सोडून काकांनी कंपनीला फोन लावला. "माकड चोरीत धरता की नैसर्गिक आपत्तीत?" पलीकडच्या मुलीनं फोन साहेबांकडे जोडून दिला. पण नुकसानीतली पहिली काही रक्कम मालकालाच सोसावी लागते, आणि वायपर त्याहून स्वस्त निघाला. काकांचा चेहरा पडला. आयुष्यात एक तरी क्लेम रीतसर करायला मिळावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

गेल्या हिवाळ्यात पवनेच्या धरणाजवळ, तिकोणा पेठेत ती संधी चालून आली. काकू साठीत गाडी शिकत होत्या. लर्निंग लायसन्स, मागे लाल 'एल', शेजारी काका, सगळं नियमात. मागे मी. रिव्हर्स घेताना काकूंनी गाडी थेट दगडी बांधावर घातली. मागचं दार चेपलं, बांध ढासळला.

बांधाच्या मालकीणबाई धावत आल्या. "मावशी, तुमच्या बांधाचंही कंपनी भरून देईल," काका सांगू लागले.

"चार धोंड्यांना कंपनी कशाला, भाऊ? आमी रचतो. ताई लय घाबरल्यात, त्यांना आदी च्या पाजू."

काकूंनी किल्ली काढून काकांच्या हातात ठेवली. "आता पुन्हा स्टिअरिंगला हात लावणार नाही," एवढंच म्हणाल्या.

मी काकांच्या कानाशी लागलो. "क्लेम बसतो ना?"

"शंभर टक्के."

पण क्लेम काही झाला नाही. सोसायटीत काकांनी "मीच ठोकली" म्हणून सांगितलं आणि दार स्वतःच्या खिशातून दुरुस्त करून घेतलं. मला राहवेना. कारण विचारलं.

"क्लेमला चालवणाऱ्याचं नाव लागतं. कंपनीशी मी खोटं बोलणार नाही. आणि खरं सांगितलं, तर नुकसान बघायला कंपनीचा सर्व्हेअर येऊन हिलाच विचारणार, कशी ठोकली, कुठं बघत होतात. मग ही पुन्हा गाडीत बसेल?"

"नाही बसल्या तर नाही. चालवायला तुम्ही आहातच की!"

"माझी बायपास झालीय रे," काका हळूच म्हणाले. "धरणाकाठी मला काही झालं, तर कंपनी क्रेन पाठवून गाडी आणेल. हिला कोण आणेल?"

इतकी वर्षं ज्यांची टिंगल केली, त्या माणसाबद्दल मला एकदम माया दाटून आली.

काकूंना पुन्हा तयार करायला काकांना बराच काळ लागला, पण पक्कं लायसन्स मिळालं. आता दर रविवारी दोघं पवनेला जातात. जाताना काका चालवतात. परवा संध्याकाळी गाडी फाटकातून आत आली, तेव्हा स्टिअरिंगवर काकू होत्या आणि शेजारी काका मान टाकून, डोळे मिटून निपचित पडले होते. मी घाबरून धावलो.

काकूंनी सावकाश गाडी जागेवर लावली, हँडब्रेक ओढला आणि घोरणाऱ्या काकांना म्हणाल्या, "आलं घर. उठा आता, आणलं तुम्हाला."