वाट पाहणे : एक अपात्रता

निराधार वृद्धांना घरपोच मदत देणे हे आमच्या विभागाचे काम आहे आणि मदत घेणारा शेवटपर्यंत निराधार राहील याची काळजी घेणे हे माझे. मी पर्यवेक्षक आहे. मदत घेता घेता एखाद्याला आधार वाटू लागला, तर तो निराधार उरत नाही आणि त्याची मदत थांबवावी लागते. हे ऐकून लोक हसतात. लोकांना नियम वाचायची सवय नाही, त्याला मी काय करणार?

शिवणवाल्या आजींचे प्रकरण तसे सरळ होते. उभा जन्म शिवणयंत्रावर गेला, गुडघे निकामी, नजर अधू, घर वरच्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. विभागाची मदतनीस रोज सकाळी येऊन त्यांना अंघोळ घालायची, दोन वेळचे रांधून ठेवायची. ही मदत बंद झाली असती तर आजींना शहराबाहेरच्या निवाऱ्यात हलवावे लागले असते आणि तिथे शिवणयंत्र नेऊ देत नाहीत. आजींना एक मुलगा होता, पलीकडच्याच वस्तीत. पण तो कधी फिरकत नसे, त्यामुळे नियमाप्रमाणे तो आधारात मोडत नव्हता. सगळे कसे सुरळीत चालले होते.

घोळ घातला आमच्या समाजसेविकेने. अधूनमधून जाऊन पाहणी करायची, ठरलेले प्रश्न विचारायचे आणि परत यायचे, एवढेच तिचे काम. पण पोरगी भाबडी. ती बसू लागली. सुईत दोरा ओवून देऊ लागली. पुढे पुढे आजी तिला रागावू लागल्या. परक्या माणसावर कोणी इतक्या हक्काने रागावत नाही, हे तिच्या ध्यानात यायला हवे होते.

तपासणीला मी स्वतः गेलो. आजी मदतनीस बाईकडून खुर्ची खिडकीशी ओढून घेऊन बसल्या होत्या.

"इथे का बसलात, आजी? वारा लागेल."

"इथून गल्लीचं तोंड दिसतं. आज तिचा दिवस ना."

"कोणाचा?"

"तुमच्या त्या पोरीचा. वेंधळी आहे हो. मागच्या खेपेला छत्री विसरून गेली, आणि विचारलं तर म्हणते, मुद्दाम ठेवली."

"म्हणजे तुम्ही तिची वाट पाहता?"

"मग काय भिंतीची पाहू?"

त्या हसल्या. मी हसलो नाही. ज्याची वाट पाहावी असे माणूस असणे, हीच आमच्याकडे आधाराची व्याख्या आहे.

दुसऱ्या दिवशी समाजसेविकेला बोलावून घेतले.

"तुम्ही आजींना काय दिलंत?"

"काही नाही, सर. द्यायचं नाही, घ्यायचं नाही, नियम पाठ आहे मला."

"सवय दिलीत. आता त्यांची मदतनीस बंद होणार."

तिचा चेहरा पडला. "सर, त्यांना एकटीने उठतासुद्धा येत नाही."

"पण त्या एकट्या कुठे आहेत? तुम्ही आहात की."

"मी नोकरी म्हणून जाते हो."

"मग त्यांना तसं वाटू द्यायचं होतं." मी समजुतीच्या सुरात म्हणालो, "अजून वेळ गेलेली नाही. तुम्ही जाणं थांबवा. मी पुन्हा तपासणी करतो. वाट पाहणं सुटलं असेल, तर मदत चालू राहील."

"पण त्यांना कारण काय सांगू?"

"कारण सांगायला जावं लागेल. आणि जायचं तर नाहीये."

तिला रडू कोसळले. गेली तर आजींचे घर सुटणार, न गेली तर आजींचा जीव तुटणार. इकडे आड, तिकडे विहीर. मी काही दगड नाही. मी पंखा थोडा वाढवला.

ती गेली नाही. काही आठवड्यांनी मी तपासणीला गेलो तेव्हा खुर्ची खिडकीपासून हलली होती.

"कोणाची वाट पाहता का, आजी?"

"नाही."

"ती पोरगी?"

"आली नाही ती. असतील तिला तिची कामं. माझं बोलणं लागलं असेल."

"आणि मुलगा?"

"त्याची तर पाहायची कधीच सोडली."

हे त्यांनी इतक्या सपाट आवाजात सांगितले की मला भरून आले. इतके निर्भेळ निराधारपण हल्ली पाहायला मिळत नाही. मी जागीच मदत मंजूर केली.

आता प्रश्न उरला नव्या माणसाचा. प्रशिक्षण दिलेली माणसे बेभरवशाची. केव्हा कोणाच्या गुडघ्यांची चौकशी करतील, सांगता येत नाही. खूप खल झाल्यावर मलाच सुचले आणि मी आजींच्या मुलाला बोलावून घेतले.

"मानद समाजसेवक म्हणून तुमची नेमणूक करतोय. आईंकडे."

तो बिचकला. "पण मी तर तिकडे जातच नाही."

"म्हणूनच."

"म्हणजे, जायचं कधी?"

"सवड मिळेल तेव्हा."

"सवडच मिळत नाही हो."

"उत्तम," मी म्हणालो आणि त्याच्याशी हस्तांदोलन केले.

तेव्हापासून आजींची एकही तक्रार नाही. विभाग आता याच धर्तीवर मोठी भरती करतो आहे. शिक्षणाची अट नाही, वयाची नाही. मुलाखतीत आम्ही एकच प्रश्न विचारतो : आईकडे शेवटचे कधी गेला होतात? जे फटकन उत्तर देतात, त्यांना परत पाठवतो. तुमच्यासारखे जे थांबून आठवू लागतात, त्यांना त्याच दिवशी रुजू करून घेतो.