'सव्वीस-डावा'चे नूतनीकरण

कोणतीही संस्था नवा माणूस नेमते तेव्हा तिला बदल हवा असतो; आणि बदल हवा असतो म्हणजे फरक पडायला नको असतो. हे तत्त्व ज्याला पहिल्या आठवड्यात उमगते त्याच्या निरोपाचा केक उशिरा कापला जातो. वेंडेल क्रोकरला ते सातव्या नोकरीत उमगले.

हा वेंडेल जानेवारीत कॅन्ससमधल्या केटल फोर्क स्टेट कॉलेजात फुटबॉल संघाचा आक्रमण-संयोजक म्हणून रुजू झाला. (तिथला फुटबॉल हातात धरून पळतात. नावाचे मनावर घेऊ नये.) संघाचे नाव 'लढाऊ टिटव्या'. चेंडू आपल्याकडे असताना अकरा जणांनी कुठे पळायचे आणि कोणाला जाऊन धडकायचे, हे मैदानाबाहेर उभे राहून ठरवणे हे संयोजकाचे काम. चेंडू पुढे गेला तर खेळाडू गुणी असतात. नाही गेला तर संयोजक नालायक असतो. ही वाटणी सर्वांना मान्य असल्यामुळे त्या खात्यात कधी तंटे होत नाहीत.

वेंडेलच्या आधी त्या खुर्चीत बार्नी पिकेट बावीस वर्षे बसून होते. ते मासे धरायला निघून गेले आणि मागे ठेवून गेले एक शिट्टी (वापरलेली) आणि एक डाव. डावाचे नाव 'सव्वीस-डावा'. सिओने नावाच्या धिप्पाड गड्याने चेंडू पोटाशी धरायचा आणि मधोमध, किंचित डावीकडे, घुसायचे. गेल्या हंगामात संघाने शंभरातल्या एकाहत्तर वेळा हाच डाव खेळला. उरलेल्या एकोणतीस वेळा सिओने पाणी पीत होता. बारा सामन्यांत सहा जिंकले, सहा हरले, आणि गावकऱ्यांना मरणाचा कंटाळा आला.

त्या कंटाळ्याची रीतसर पाहणी झाली. त्र्याऐंशी टक्के लोक म्हणाले, आता काहीतरी वेगळे हवे. वेगळे म्हणजे काय, असे विचारल्यावर एक्याऐंशी टक्के म्हणाले, "म्हणजे वेगळं." उरलेल्या दोन टक्क्यांनी स्टेडियममधल्या चीजबद्दल तक्रार नोंदवली.

मुख्य प्रशिक्षक रॉय टॅगार्ट यांनी वेंडेलला बोलावून पाहणीचा अहवाल हातात दिला.

"हे बघ वेंडेल, लोकांना सगळं नवं हवंय. पण हरायचं नाही हं."

"आणि हरलो तर, कोच?"

"तर मला कुणालातरी काढावं लागेल. आता मी स्वतःलाच काढलं, तर बाकीच्यांना काढायला राहील कोण?"

या युक्तिवादात वेंडेलला कुठेही फट सापडली नाही. आधीच्या सहाही मुख्य प्रशिक्षकांनी तो याच शब्दांत मांडला होता.

घरी निराळेच प्रकरण होते. वेंडेलची बायको लोरीन हिने सामानाची सगळी खोकी उघडणे तीन गावांपूर्वीच सोडून दिले होते. एकोणीसपैकी चार उघडायची. बाकीची बैठकीत रचून त्यांवर टेबलक्लॉथ टाकायचा. मुलगी ब्रिटा सोळा वर्षांची होती आणि ही तिची सहावी शाळा होती. ती शाळेच्या बँडात ट्रॉम्बोन नावाची लांबलचक पितळी तुतारी वाजवायची आणि नव्या मैत्रिणींना आडनाव सांगत नसे. सांगून उपयोग काय, असे तिचे म्हणणे.

"बाबा, मला फक्त एक गोष्ट पाहिजे," ती म्हणाली. "ज्या शाळेत शिरले त्याच शाळेतून पास होऊन बाहेर पडायचंय. दीड वर्षाचा प्रश्न आहे. जमेल?"

"जमेल की!"

"ओक्लाहोमात पण असंच म्हणाला होतास."

"तिथे आमचे चेंडू पकडणारे सगळे जायबंदी झाले होते गं."

"आणि नेब्रास्कात?"

"तिथे ते धडधाकट होते."

पोर रडली असती तर वेंडेलला बरे वाटले असते. ती नुसती मान हलवून ट्रॉम्बोन पुसत बसली, ते त्याला फार लागले. त्याने मनाशी ठरवले की या खेपेला काही झाले तरी दीड वर्ष काढायचेच.

वेंडेलपाशी स्वतःचे एक आक्रमण होते. तीनशे शहाऐंशी पानांची वही. त्यात चेंडू हवेतून असा काही जायचा की बघणाऱ्याचे भान हरपावे. ही वही त्याने सहा कॉलेजांतून छातीशी धरून फिरवली होती. वसंतातल्या सरावात त्याने ती उघडली. पहिल्या दिवशी चाळीस चेंडू फेकले गेले. नऊ पकडले गेले, त्यांतले चार साहाय्यक प्रशिक्षकांनी. पिकेटसाहेबांनी बावीस वर्षे निवडून निवडून ढकलणारे गडी गोळा केले होते. प्रत्येकी तीनशे पौंड, असे सतरा. चेंडू पकडणारे म्हणून दोघे होते. पैकी एकाला गवताची ॲलर्जी होती.

वेंडेल नाना खटपटी करून पाहून दमला आणि मे महिन्यात एका निष्कर्षाला येऊन ठेपला. माणसे बदलता येत नाहीत, म्हणून डाव बदलता येत नाही. डाव बदलता येत नाही, म्हणून डावाच्या आजूबाजूचे सगळे बदलले पाहिजे. असा विचार केल्यावर त्याला गाढ झोप लागली.

नूतनीकरण उन्हाळाभर चालले. सर्वप्रथम 'सव्वीस-डावा' हे नाव रद्द करण्यात आले आणि त्याच डावाला अठ्ठेचाळीस नवी नावे देण्यात आली. (त्यांत ढगांचे प्रकार बारा, चीजचे नऊ; पुढची आठवत नाहीत.) प्रत्येक नावाचे एक चित्र रंगवून मोठ्या फळ्यांवर डकवले. हल्ली सगळीच कॉलेजे मैदानाच्या कडेला अशा फळ्या नाचवतात. खेळाडूने चित्र बघून डाव ओळखायचा. पूर्वी गडी घोळका करून आपसांत बोलत, ते बंद झाले. आता अकरा जण कडेच्या फळ्यांकडे टकामका बघत, संध्याकाळी गुरे फाटकाकडे बघतात तसे. मग तिघे डावीकडून उजवीकडे पळत, दोघे उजवीकडून डावीकडे, एक जण वाकून बूट बांधल्यासारखे करी, आणि सगळे आपापल्या जागी परत येत. त्यानंतर सिओने मधोमध, किंचित डावीकडे, घुसे.

सिओने हा मुलगा मोठा प्रामाणिक होता. तो शंका विचारायला ऑफिसात आला आणि दारातच अडकला.

"कोच, घोड्याचं चित्र दिसलं की मी काय करायचं?"

"मधोमध घुसायचं. किंचित डावीकडे."

"आणि पॅनकेकचं?"

"तेच."

"आणि ते ट्रॅक्टरवर बसलेलं मांजर आहे ते?"

"तेच रे बाबा."

सिओनेने बोटांवर तिन्ही चित्रे मोजली. "मग चित्रं कशाला, कोच?"

"बघायला."

"हां," सिओने म्हणाला, आणि आडवा होऊन दारातून बाहेर पडला. त्याला ते पटले होते. आक्रमण इतक्या लवकर पूर्णपणे समजलेला खेळाडू वेंडेलने कारकिर्दीत पाहिला नव्हता.

पहिल्याच सामन्यात गावाने वेंडेलला डोक्यावर घेतले. गेल्या वर्षी एका घुसण्यात सरासरी साडेतीन यार्ड मिळत; आता चार मिळाले. वाढीव अर्धा यार्ड कुठून आला याचे शास्त्रीय कारण असे, की समोरचे खेळाडूही चित्रे बघत बसले होते. दर मंगळवारी सकाळी चर्चच्या तळघरात संघाला पैसे पुरवणाऱ्या आश्रयदात्यांची न्याहारी असते. तिथे पावासारख्या मऊ बिस्किटांवर पांढरा रस्सा ओतता ओतता अध्यक्ष हार्लन बूथ (डुकरांच्या खाद्याचे निवृत्त व्यापारी) उभे राहिले.

"याला म्हणतात डोकं!" ते गरजले. "बावीस वर्षं त्या पिकेटनं आम्हाला एकच डाव दाखवला. या माणसानं एका दुपारी चाळीस दाखवले!"

टाळ्या झाल्या. वेंडेलने मान खाली घालून रस्सा खाल्ला.

ऑक्टोबरात प्रतिस्पर्ध्यांनी चित्रांची फोड करायला घेतली. हे काम त्या धंद्यात राजरोस चालते. प्रत्येक कॉलेजात दुर्बिणी घेतलेले चारपाच हुशार लोक याच कामासाठी पगारावर असतात. एका कॉलेजातल्या हुशारांनी तीन आठवडे रात्रीचा दिवस करून अहवाल दिला: अठ्ठेचाळीस चित्रांचा अर्थ एकच आहे. त्यांच्या प्रमुखाने अहवाल भिरकावून दिला. "एका डावाला अठ्ठेचाळीस चित्रं? इतका मूर्ख माणूस या धंद्यात असेल का? यामागे काहीतरी भयंकर आहे. पुन्हा बघा!" त्या भयंकराच्या भीतीने त्यांनी आपले सहा गडी मागे नेऊन उभे केले. सिओने त्या दिवशी दोनशे बारा यार्ड पळाला. वाटेत कोणी भेटलेच नाही, म्हणून तो दोनदा थांबून मागे बघून आला.

अकरा सामन्यांत सात जिंकले. शेवटचा राहिला होता, आणि तेव्हा टॅगार्टनी वेंडेलला खांद्यावर हात टाकून बाजूला घेतले.

"हा जिंकलो ना वेंडेल, तर एक मोठं विद्यापीठ मला न्यायला बसलंय. तुला सांगून ठेवतो, तुलाही घेऊन जाणार मी. आठशे मैलांवर आहे, पण स्टेडियम बघशील तर वेडा होशील!"

वेंडेल वेड्यासारखाच घरी आला. मुख्य प्रशिक्षक गेला की त्याची सगळी माणसे जातात. नवा आपली आणतो. म्हणजे वाईट हरलो तर हकालपट्टी, आणि जिंकलो तर बढती. दोन्हींकडून खोकी बांधायची. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला मध्यम प्रतीचे यश हवे होते, आणि त्यासाठी कसे खेळावे हे कोणत्याच वहीत नव्हते.

थँक्सगिव्हिंगच्या सणाचा उरलेला टर्की खाताना त्याने ब्रिटाला सगळे सांगितले.

"म्हणजे हरायचं, पण बेताचं," ती म्हणाली.

"मुद्दाम कसं हरू गं? मुलं जीव तोडून खेळतायत."

"मग प्रामाणिकपणे हर. तुझी ती वही आहे ना?"

लोरीनचा काटा हवेतच थांबला. वेंडेलने मुलीकडे पाहिले. ती टोमणा मारत नव्हती. तिने वहीचा खरोखर अभ्यास केला होता. सहाव्या शाळेत आलेल्या मुलीला दुसरे काय वाचायला मिळणार?

शनिवारी वेंडेलने आयुष्यभराची श्रद्धा पणाला लावली. फळ्या आत ठेवून दिल्या आणि वही उघडली. लांब फेकी, आडव्या फेकी, तीन जणांनी एकमेकांना कापून जायचे, सगळे खरोखरीचे नवे. चेंडू खाली पडत होते. एक ढोलवाल्याला लागला. चौतीस मिनिटे असेच चालले.

मग एक जमले. ॲलर्जीवाला मुलगा शिंकत शिंकत कोपऱ्यात पोहोचला, चेंडू कमान करून आभाळातून आला आणि अलगद त्याच्या हातांत विसावला. वीस वर्षे वेंडेलने हे फक्त कागदावर पाहिले होते. आपल्याला हरायचे आहे हे तो साफ विसरला, टोपी फेकून नाचला, त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आले. इतके सुंदर काही आपल्या हातून झाले आहे यावर त्याचा विश्वास बसेना.

त्याने डोळे पुसून वर प्रेक्षकांकडे पाहिले. अकरा हजार लोक हुर्यो करत होते.

"झालं!" हार्लन बूथ कठड्यावरून ओरडले. "काढलं परत पिकेटचं जुनं गाठोडं! चित्रं दाखवा, चित्रं!"

सामना एकतीस-सहा असा हातचा गेला. टॅगार्टना मोठ्या विद्यापीठाचा फोन आला नाही. मंगळवारच्या न्याहारीत एकमताने ठराव झाला की संयोजक जुन्या वळणाचा असून त्याला नावीन्याची भीती वाटते. दुपारी टॅगार्टनी त्याला काढले. काढताना ते गहिवरले होते. काढायला आपण शिल्लक राहिलो याचे त्यांना समाधानही होते.

वेंडेल घरी आला तेव्हा लोरीनने सवयीने चिकटपट्टी बाहेर काढली होती. ब्रिटा जिन्यात उभी होती.

"आता कुठे?" तिने विचारले.

वेंडेलने तोंड उघडले आणि त्याच्या लक्षात आले की आपल्याला ठाऊक नाही. करारपत्र काढून त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. बडतर्फ झालेल्याने गाव सोडावे असे त्यात कुठेही लिहिलेले नव्हते. सहाही वेळा ते त्याने आपल्याच मनाने केले होते.

"कुठेच नाही," तो म्हणाला.

जानेवारीपासून तो ब्रिटाच्या शाळेत मुलांना मोटार चालवायला शिकवू लागला. बाप शाळेच्या आवारात सुई टोचल्यासारखा ब्रेक दाबत ओरडतो याची ब्रिटाला मरणाची लाज वाटली. पण त्याच वर्षी मे महिन्यात प्रमाणपत्र तिने त्याच शाळेच्या मंचावर घेतले. त्या दिवशी तिचे पूर्ण नाव पुकारले, आणि तिच्या नऊ मैत्रिणी आडनावासकट ओरडल्या.

टिटव्यांना नवा संयोजक मिळाला. त्याने चित्रे काढून टाकली आणि रंगीत झेंडे आणले, साठ. सिओने मधोमध घुसतो, किंचित डावीकडे. गाव खूश आहे.

ही हकीकत कॅन्ससची म्हणून तुम्ही इथवर हसत वाचलीत. खरे तर ती आम्ही आधी तुमच्याच ऑफिसातल्या नव्या साहेबांवर लिहिली होती. तेव्हा दोन ओळी वाचून तुम्ही म्हणालात, "हे तेच तेच आहे, काहीतरी वेगळं द्या."