चिमटीचं वजन

बायकोचं मनगट प्लास्टरमध्ये गेलं, त्याच संध्याकाळी मिलीग्रामनं जाहीर केलं, "उद्यापासून चहा मी करणार."

"तुम्ही?" बायको म्हणाली. बाथरूममध्ये घसरून पडल्यापासून ती पहिल्यांदाच हसली.

मिलीग्रामचं खरं नाव गल्लीत कोणालाच आठवत नव्हतं. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं वजनकाटे दुरुस्त करायचं दुकान, मागच्या खोलीत स्वयंपाकघर, मधे एक पडदा. भाजीवाल्यापासून सोनारापर्यंत सगळे आपापले काटे घेऊन यायचे आणि हा प्रत्येकाला मिलीग्रामवरून भाषण द्यायचा. भिंतीवर कॅलेंडर टांगायचं तरी हा लेव्हल लावून टांगणार. पोरगी म्हणायची, "बाबा शिंकतो तेसुद्धा मोजून."

अशा माणसाच्या नशिबी अंदाजानं स्वयंपाक करणारी बायको आलेली. रोज सकाळी हा साडेसातला दुकानाचं शटर वर करायचा, खुर्चीत बसायचा आणि पडद्याकडे तोंड करून ओरडायचा, "चहा!" जरा वेळानं परत, "चहा!" आणि तिसऱ्यांदा असा काही, की समोरच्या दुकानातला शिंपीही आपला कप शोधायला लागायचा. मग चहा यायचा. "तीन हाका मारल्याशिवाय या घरात चहा येतच नाही," ही त्याची बावीस वर्षांची तक्रार. आता तो दाखवून देणार होता, की नीट मोजून काम केलं तर एकही हाक न मारता चहा होतो.

वही उघडून तो बायकोसमोर बसला.

"पाणी किती?"

"आपल्या पातेल्याला पोचा आलाय ना, त्याच्या जरा खाली."

"मिलीमध्ये सांग."

"मला काय माहीत? पोच्याला विचारा."

"पत्ती?"

"दोन चिमटी. आणि वर थोडी."

"थोडी म्हणजे?"

"मन म्हणेल तेवढी."

मिलीग्रामनं पेन खाली ठेवलं, दोन श्वास घेतले, पेन उचललं. "उकळायचा किती वेळ?"

"होईपर्यंत."

"अगं, पण झाला हे कळतं कसं?"

"कळतं." असं म्हणून तिनं प्लास्टरचा हात उशीवर ठेवला आणि डोळे मिटून घेतले. मुलाखत संपली.

पण मिलीग्राम हार मानणारा नव्हता. तो दुकानातून मुख्य काटा घेऊन आला. मुख्य काटा म्हणजे काचेच्या पेटीतला तो काटा, ज्याच्यावर दुकानातले बाकीचे सगळे काटे पडताळायचे. त्या पेटीला पोरगीनं लहानपणी एकदा बोट लावलं होतं, तर दोन दिवस घरात कोणी मोठ्यानं बोललं नव्हतं. आज त्याच काट्यासमोर बायकोला उठवून बसवलं आणि डाव्या हातानं चिमटी घ्यायला लावली. एकदा नाही, दहा वेळा. दहा वजनं लिहिली, सरासरी काढली.

"बाबा, आई चिमटी उजव्या हातानं घेते," पोरगी म्हणाली.

मिलीग्राम दचकला. मग त्यानं प्लास्टरमधून बाहेर आलेली बायकोची बोटं पट्टीनं मोजली, डावी मोजली, फरकाचा भागाकार केला आणि वहीत लिहिलं : पत्ती, सात पूर्णांक चार ग्रॅम.

"तुम्ही मला पडल्यावर एवढं नव्हतं बघितलं," बायको म्हणाली.

हे सगळं चाललं होतं ते एका माणसासाठी. अप्पा, मिलीग्रामचे वडील, वय एकोणऐंशी. धंदा त्यांचाच. मिलीग्रामला पान्हा कसा धरायचा इथपासून त्यांनीच शिकवलेलं. आता हात थरथरायचे म्हणून ते दाराजवळच्या स्टुलावर नुसते बसायचे. पण दुरुस्त झालेला प्रत्येक काटा शेवटी त्यांच्यापुढे यायचा. ते पारड्यावर एक टिचकी मारायचे, काट्याचं डोलणं बघायचे आणि म्हणायचे, "हं." त्या "हं"शिवाय मिलीग्रामनं आजवर एकही काटा गिऱ्हाइकाला दिलेला नव्हता. आणि हे अप्पा सकाळच्या तीन गोळ्या घ्यायचे फक्त सुनेच्या हातच्या चहाबरोबर. पाण्यानं घेतल्या तर म्हणे अडकतात.

पहिल्या सकाळी पोरगी स्टॉपवॉच घेऊन उभी, मिलीग्रामच्या हातात थर्मामीटर, बायको खुर्चीत प्रेक्षक म्हणून. दुकानात अप्पा एकटे, गप्प. चहा उतरला. अप्पांनी घोट घेतला.

"गरम आहे," ते म्हणाले. "गोडही आहे."

"आणि?"

"आणि काही नाही. चहा कधी आणतोस?"

गोळ्या कागदातच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी पत्ती अर्धा ग्रॅम वाढली. अप्पांनी कप शिंप्याकडे पाठवून दिला. तिसऱ्या दिवशी वेळ वीस सेकंदांनी कमी झाली. अप्पांनी घोट घेतला, कप खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "शनिवारी मी धाकट्याकडे जातो. राहायलाच."

मिलीग्रामनं वहीतून मान वर केली. "चहासाठी?"

"धाकट्याकडे मशीन आहे. बटण दाबलं की येतो. तोही वाईटच असतो, पण मशीनवर राग येत नाही. तुझ्यावर येतो. रोज सकाळी उठून पोटच्या पोरावर रागवायचं, या वयात झेपत नाही मला."

"अप्पा, निदान गोळ्या तरी..."

"धाकट्याकडे घेईन."

मिलीग्राम आत आला. स्टूल रिकामं, पारड्यावर टिचकी नाही, "हं" नाही. डोळ्यांपुढे तेच यायला लागलं. त्यानं वहीचं नवीन पान उघडलं. "शनिवारला अजून तीन दिवस आहेत," तो बायकोला म्हणाला, "मी चहा काढणार. अगदी तुझाच चहा काढणार."

त्यानंतर दुकानाचं शटर अर्ध्यावर आलं. भाजीवाला आपला काटा मागायला आला तर मिलीग्राम आतून ओरडला, "उकळी येतेय! नंतर या!" बुधवारी सहा वेळा चहा झाला, गुरुवारी नऊ वेळा. एवढा चहा ओतून कसा द्यायचा, म्हणून सगळा शिंप्याकडे जायचा. शिंपी भिडस्त, नको म्हणेना. शुक्रवारी दुपारी त्याचा हात असा थरथरायला लागला, की त्यानं एका गिऱ्हाइकाच्या पँटचे दोन्ही खिसे कायमचे शिवून टाकले. गिऱ्हाईक भांडायला आलं ते थेट मिलीग्रामच्या दारात.

"तुमच्या चहामुळे माझ्या पँटला खिसे नाहीत!"

"किती घोट घेतले होते त्यानं?" मिलीग्रामनं वही काढली.

पोरगीचं टाळकं फिरलं. "बाबा, बस झालं हां आता! माझ्या अंगाला चहाचा वास येतोय. माझ्या स्वप्नात स्टॉपवॉच येतं!"

"मग बंद करून झोपत जा ना," मिलीग्राम म्हणाला. चेष्टा नव्हती. त्याला बॅटरीची काळजी होती.

शनिवारी सकाळी अप्पा तयार. शर्टाची वरची गुंडी लावलेली, बॅग पायाशी, रिक्षा दहाला सांगितलेली. आणि नऊला दारात कोण उभं? काटे तपासणारे साहेब. वर्षातून एकदा येणार, मुख्य काटा तपासणार, शिक्का मारणार. शिक्का नाही तर दुकान नाही. मिलीग्राम हा दिवस कॅलेंडरवर लाल करून ठेवायचा. यंदाही केला होता. पण त्या कॅलेंडरवर आता उकळीच्या वेळा लिहिलेल्या होत्या.

साहेबांनी पेटी उघडली. पारड्यात काहीच नव्हतं, काटा मात्र शून्यावर नव्हता.

"हे काय?" साहेब म्हणाले.

साहेबांनी चिमट्यानं पारड्याखालून एक काळा कण काढला आणि उजेडात धरला. मग अजून एक. मग साखरेचा एक दाणा, पारड्याच्या बुडाला चिकटून बसलेला.

"ही चहाची पत्ती आहे का?"

समोरून शिंपी ओरडला, "तीच असणार साहेब! माझ्या पोटात पण आहे!"

अप्पा स्टुलावरून उठले. सात वर्षांच्या मुलाकडे बघावं तसं त्यांनी पन्नाशीच्या मुलाकडे बघितलं. "माझ्या काट्यावर पत्ती तोललीस?"

"अप्पा, ते..."

"सरक."

त्यांनी बाह्या वर केल्या. "साहेब, अर्धा तास बसा. सगळा सोडवून, पुसून परत जुळवतो." पहिल्यांदा हात थरथरला, पण स्क्रू ड्रायव्हर बोटांत आला आणि हात थांबला.

साहेब खुर्चीत बसले. "ठीक आहे. तोपर्यंत चहा होऊन जाऊ दे."

सगळ्यांनी मिलीग्रामकडे बघितलं. तो पडद्यामागे गेला. पाणी ठेवलं. वही उघडली, तर पानं चहानं चिकटलेली. थर्मामीटर सापडेना. पोरगी बाहेर अप्पांच्या हातात एकेक स्क्रू देत होती, म्हणजे स्टॉपवॉचही नाही. तो नुसता पाण्याकडे बघत उभा राहिला. शिक्का जाणार, अप्पा जाणार, आणि हातात राहणार सात पूर्णांक चार ग्रॅम.

"चहा!" बाहेरून अप्पा ओरडले.

मिलीग्राम एवढा दचकला, की हातातली पत्ती न मोजताच पाण्यात पडली. कोपऱ्यातल्या खुर्चीत बायको सरळ होऊन बसली.

पाणी रंगायला लागलं. साखर किती, आलं किती, काही आठवेना. हाताला येईल ते टाकलं.

"चहा!"

"आलो, आलो!" त्यानं घाईघाईत दूध ओतलं. थोडं ओट्यावर गेलं.

आता बाहेर अप्पा चिडलेले वाटत होते. पारडं ठेवल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ तिसरी हाक, पडदा हलवणारी, "अरे, चहा!"

मिलीग्रामचं डोकं फिरलं. त्यानं खाडकन गॅस बंद केला, गाळला, आणि हिंदकळत कप बाहेर नेऊन आपटले. "घ्या! वाईट आहे! माहितीय मला!"

अप्पांनी एका हातानं काट्याचा शेवटचा स्क्रू आवळला, दुसऱ्या हातानं कप उचलला. घोट घेतला. थांबले. दुसरा घोट घेतला.

"सूनबाई," त्यांनी आवाज दिला, "प्लास्टर असताना कशाला उठलीस?"

"मी नाही उठले, अप्पा," पडदा सारून बायको म्हणाली. "यांनीच केला."

अप्पांनी खिशातून कागद काढला आणि तिन्ही गोळ्या एकदम तोंडात टाकल्या. मग काट्याच्या पारड्यावर टिचकी मारली. काटा डोलला, डोलला, शून्यावर उभा राहिला.

"हं," अप्पा म्हणाले.

हे "हं" काट्याला की चहाला, ते कोणी विचारलं नाही. साहेबांनी शिक्का मारला आणि अजून अर्धा कप मागितला. दहाला रिक्षा आली, तेव्हा अप्पा भाजीवाल्याचा काटा उघडून बसले होते. रिक्षावाल्याला शिंप्यानं चहा पाजून परत पाठवलं.

मिलीग्राम मात्र बायकोपुढे उभा. "मोजला नाही, मापला नाही. मग जमला कसा?"

"पहिल्या हाकेला पत्ती," बायको म्हणाली, "दुसऱ्या हाकेला दूध, तिसऱ्या हाकेला गॅस बंद. सासूबाईंना बघून नकळत सवयच लागली मला. त्या अप्पांच्या हाकांवर करायच्या, मी तुमच्या. बापलेक अगदी सारखे ओरडता. बावीस वर्षांत एक हाक पुढेमागे नाही."

"अगं, मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही ग्रॅम विचारलेत, मिली विचारलेत, डिग्री विचारलीत. हाका कुठे विचारल्यात?" तिनं प्लास्टरच्या हाताची गळ्यातली झोळी सावरली. "आणि खरं सांगू? मलाही आजच कळलं. इतके दिवस तुम्ही आत आणि बाहेर सगळं गप्प, तेव्हा मीसुद्धा विचार करत होते, यांचा चहा बिघडतो कुठे."

प्लास्टर दीड महिन्यानं निघालं. डॉक्टर म्हणाले हात एकदम ठणठणीत. पुढच्या आठवड्यात पोरगीनं आईला त्याच हातानं पाण्यानं भरलेली बादली उचलताना बघितलं. आईनं बादली खाली ठेवली, ओठांवर बोट ठेवलं आणि हात परत झोळीत घातला.

मग साडेसातला ती दुकानात गेली आणि खुर्चीत अप्पांशेजारी ऐसपैस बसली. पडद्याकडे तोंड करून तिनं हाक मारली, "अहो, चहा!" जरा वेळानं दुसरी. मग तिसरी, शिंप्याला कप शोधायला लावणारी. आतून गॅस बंद झाल्याचा आवाज आला.

"बघितलंत ना अप्पा," ती म्हणाली, "तीन हाका मारल्याशिवाय या घरात चहा येतच नाही."